दोरीवरचे रोखे

धाकटीनं कपाटाचं दार ओढलं आणि आतून पाणी आलं.

ती सासऱ्यांचा, नानांचा पांढरा शर्ट शोधायला आली होती. आईंचा दवाखान्यातून फोन आला होता, "उद्या सकाळी पट्टी काढणार म्हणतायत गं. त्यांना धड कपड्यांत घरी आणू या." शर्ट खालच्या कप्प्यात होता, भिजून चोळामोळा झालेला. पण धाकटीचं लक्ष शर्टाकडे गेलंच नाही. ती वरच्या तीन कप्प्यांकडे बघत राहिली. तिथं नानांचे खोके होते. मागची भिंत फुगून आली होती, गिलावा सुटला होता, आणि भिंतीतल्या नळीतून पाणी चोरपावलानं खोक्यांच्या पाठीमागून खाली उतरत होतं. किती वेळ, देव जाणे.

"बाबू!" तिनं हाक मारली. "मुख्य नळ बंद कर. आत्ता. काय झालं ते नंतर विचार."

बाबू, तिचा नवरा, नाटकांच्या प्रकाशयोजनेचं काम करायचा. प्रयोग नसेल त्या दुपारी त्याला झोपेतून उठवणं म्हणजे दगड हलवणं. पण बायकोचा हा आवाज तो ओळखत होता. ती शहराच्या बसगाड्यांच्या नियंत्रण कक्षात बसायची आणि पुलावर गाडी बंद पडली, रस्त्यावर झाड आडवं झालं की याच आवाजात बोलायची. तो अनवाणीच जिन्याकडे पळाला.

तिनं पहिला खोका दोन्ही हातांवर उचलून घेतला. एरवी तो किती हलका असायचा! आता ओल्या पिठाच्या पोत्यासारखा जड लागला.

त्या खोक्यांत होते नानांचे रोखे. नगरपालिकांचे जुने कर्जरोखे. एखाद्या शहराला पाण्याचा तलाव बांधायचा असे, नदीवर पूल टाकायचा असे, गटारं खणायची असत. तिजोरीत खडखडाट असे. मग शहर आपल्याच लोकांकडून कर्ज घेई आणि त्या बदल्यात त्यांना एक देखणा कागद देई. वर कोरीव चित्र, भोवती वेलबुट्टी, खाली नगराध्यक्षांची शाईतली सही, आणि तळाशी व्याजाच्या कुपनांच्या ओळी, दर सहामाहीला एक कापून न्यायची. कर्जं केव्हाच फिटली होती, काही बुडाली होती, काही शहरांची तर नावंही बदलली होती. कागद तेवढे उरले होते. नाना दातांचे डॉक्टर. तरुणपणी त्यांनी भंगारवाल्याकडून एक घड्याळ घेतलं. ते घड्याळ कधी चाललं नाही, पण ज्या जुन्या रोख्यात ते गुंडाळलं होतं त्यानं नानांना आयुष्यभराचं वेड लावलं.

"बघा, सूनबाई," लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी तिला एक रोखा दाखवला होता, "ज्यानं हा विकत घेतला तो सत्तरीचा होता. तलाव पुरा व्हायला वीस वर्षं लागणार होती. त्याला काय ते पाणी प्यायला मिळणार होतं? तरी दिले पैसे."

तिनं मान डोलावली होती. मनात म्हणाली होती, सासरे चांगले आहेत, पण कागदांपायी अर्धी भिंत अडवून बसलेत.

नानांचा डावा डोळा लहानपणीच गेला होता. उजव्यात मोतीबिंदू. एकुलता एक डोळा, त्याला सुरी लावायची म्हणून ते वर्षानुवर्षं टाळत आले. या टाळाटाळीत दुनिया धूसर होत होत शेवटी नुसता उजेड-अंधार उरला. अलीकडे ते खोका मांडीवर घेऊन बसत आणि कागदावरून बोटं फिरवत. कोरीव छपाई बोटाला लागते म्हणत. "हा पूल," म्हणत, "आणि ही कमान." अखेर आईंनी निर्वाणीचं सांगितलं, शस्त्रक्रिया झाली. उद्या पट्टी सुटणार होती. दिसणार की नाही हे उद्याच कळणार होतं. दिसलं, तर घरी येऊन पहिल्यांदा काय मागणार हे मात्र सगळ्यांना आजच ठाऊक होतं.

बाबू वर आला, खोके बघून मटकन खाली बसला. "मेलो," म्हणाला. "दादा मला सोडणार नाही."

ती भीती उगीच नव्हती. गेल्या वर्षी दादानं, थोरल्या भावानं, याच भिंतीवर हात ठेवून म्हटलं होतं, "ही ओली लागते. नळकाम करणाऱ्याला बोलाव." बाबू म्हणाला होता, "बघतो." त्यावरून शब्दाला शब्द वाढला. दादाला आई-नानांना आपल्या आठव्या मजल्यावरच्या नव्या घरी न्यायचं होतं. बाबू म्हणाला, ते इथंच राहतील. तेव्हा दादाच्या तोंडून गेलं, "तुला बरं आहे, त्यांच्या घरात फुकट राहायला मिळतं." त्या दिवसापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. शस्त्रक्रियेच्या दिवशीही दवाखान्याच्या बाकाच्या दोन टोकांना बसले होते, मध्ये आई, सरहद्दीवरच्या चौकीसारख्या.

"दादांना नको," धाकटी म्हणाली. "मी ताईंना फोन करते."

ताई मधली. महाविद्यालयात भूगोल शिकवायची. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलली, "काहीही ओढू नकोस, मी येतेय." ती आली, पण एकटी नाही. तिच्या मागून दादा जिना चढून आला. तो भूल देणारा डॉक्टर. सकाळची कामं आटोपून थेट दवाखान्यातून आला असावा, टोपीचा वळ अजून कपाळावर होता.

"मला गाडी चालवता येत नाही, रिक्षा मिळेना, मग कोणाला बोलावू?" धाकटीनं काही विचारायच्या आत ताई म्हणाली.

दादा सरळ कपाटापाशी गेला. भिंत बघितली. मग टेबलावरचे खोके. मग बाबूला.

"बघतो म्हणाला होतास. बघितलंस?"

"दादा, आत्ता नको."

"मग केव्हा? नानांना दिसायला लागल्यावर? वा! साठ वर्षं जमवलेलं एका माणसाच्या आळसापायी—"

"आळस? तू वर्षातून दोनदा येऊन भिंतीला हात लावून जातोस. रात्री-अपरात्री त्यांना कोण उठवतं, औषधं कोण देतं—"

"मी न्यायला तयार होतो!"

"त्यांना यायचं नव्हतं!"

"तू त्यांना विचारू दिलंस?"

ताई मध्ये पडली. नेहमी ती दादाची बाजू घ्यायची. लहानपणापासून तशी वाटणीच होती. बाबू एकटा आणि समोर हे दोघं. आजही ती बाबूकडे वळली, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिची नजर टेबलावर गेली. सर्वांत वरच्या रोख्याच्या कडेनं जांभळ्या शिक्क्याची शाई हळूहळू पसरत होती.

"गप्प बसा दोघंही!" ती ओरडली. "तुमचं भांडण वाळत नाहीये, वर्षभर तसंच ओलं आहे. हे कागद तेवढं थांबणार नाहीत."

धाकटीला वाटलं, ताईंच्या पाया पडावं.

ताईच्या महाविद्यालयात जुन्या नकाशांची डागडुजी करणाऱ्या एक बाई यायच्या. ताईनं त्यांना फोन लावला आणि टेबलाच्या मधोमध ठेवला. बाईंचा आवाज शांत होता, पण त्यांना उगाच धीर द्यायची सवय नव्हती.

"चिकटलेले कागद सोडवू नका. सुटे होतील तेवढेच घ्या, खालून प्लास्टिकचा तुकडा सरकवून उचला. टिपकागदावर ठेवा, नसेल तर बिनछापील पांढरा कागद. पंखे लावा, पण भिंतीकडे तोंड करून, कागदावर झोत नको. इस्त्री नको, केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नको. जाड कागद दोरीवर टाकलात तरी चालेल, चिमटा लावू नका."

"आणि चिकटलेल्यांचं काय?" दादानं विचारलं.

"ते गोठवा."

"काय करा?"

"गोठवा. थंड केले की आहे तसे राहतात, बुरशी धरत नाही. मग सवडीनं मी सोडवून देईन. आजच्या आज कडक गोठायला हवेत मात्र. तुमच्या घरच्या फ्रीजचं ते काम नाही."

फोन बंद झाला. भाऊ पुन्हा एकमेकांकडे बघायला लागणार, तोच धाकटी उभी राहिली. नियंत्रण कक्षात रोज गाड्या मार्गी लावायची, तशी एकेकाची कामं तिच्या डोळ्यांसमोर लागली.

"बाबू, तुझ्या नाटकाच्या दोऱ्या आण, दिवाणखान्यात खिडकीपासून दारापर्यंत बांध. पंखे सगळे. ताई, तुम्ही सुटे कागद उचलायचे, तुमचा हात नकाशांचा आहे. दादा, तुम्ही टिपायचं. हळू, दाब न देता."

"मला रोज माणसांची शीर सापडते," दादा म्हणाला. "कागद टिपायला जमेल."

"मग चला."

दादानं कोट काढला, बाह्या दुमडल्या.

दुपार सरली तशी दिवाणखान्यातून चालायला जागा उरली नाही. बाबूनं दोऱ्या अशा काही ताणल्या होत्या की ताईला दर वेळी वाकून जावं लागे, आणि दर वेळी ती म्हणे, "हे घर आहे की जहाज?" एकेक रोखा ताईच्या हातातून दादाकडे, दादाकडून धाकटीकडे, तिच्याकडून दोरीवर जाई. सुरुवातीला दोघं भाऊ तिच्यामार्फतच बोलत होते.

"त्याला सांग, ती दोरी खाली झुकतेय."

"झुकली तर झुकू दे म्हणावं, कागदाला भार नाही."

"दोघांना दिसतंय आणि ऐकूही येतंय," धाकटी म्हणाली. "मी काय मधला थांबा आहे?"

बाबू हसला. दादा हसला नाही, पण पुढची सूचना त्यानं थेट भावाला दिली. "जरा वर घे." बाबूनं घेतली.

रोखे टिपता टिपता दादा वाचू लागला होता. लहानपणी या खोक्यांना हात लावला की नानांचा ओरडा बसायचा, त्यामुळे तिघांपैकी कोणीच ते कधी नीट पाहिले नव्हते. "हे बघ," तो म्हणाला, "नाटकगृहासाठी कर्ज. शहरानं नाटकगृहासाठी कर्ज काढलं होतं! बाबू, हे तुझं." बाबू दोऱ्या सोडून आला. कागदावर एका रंगमंचाचं चित्र होतं, वर दिव्यांच्या रांगा. दोघं डोकी जवळ आणून बघत राहिले. ताईनं धाकटीकडे पाहिलं आणि मुद्दामच कागद उचलायला उशीर लावला.

सगळंच काही हाताला लागलं नाही. तळाच्या खोक्यात धूरदिव्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या गॅसबत्त्यांच्या कारखान्याचे रोखे होते, पातळ कागदाचे. त्यांचा लगदा झाला होता. ताईनं प्लास्टिक सरकवलं तर ते बोटांना साईसारखे लागले. ती तिथंच थांबली, हात तसेच ओले धरून. दादानं तो खोका उचलून खिडकीत ठेवला, फेकला नाही.

मग चिकटलेल्यांचे गठ्ठे उरले. दोन मोठे, विटेएवढे. त्यांच्यात पुलांचे रोखे होते, नानांचे सगळ्यांत लाडके.

"कडक गोठवायचे तर कुठे?" दादा म्हणाला. "दवाखान्यात शीतगृह आहे, पण तिथं जे ठेवतात त्यांच्या शेजारी हे ठेवायला मला नाही आवडणार."

"आइसक्रीमवाला," धाकटी म्हणाली.

चौकातल्या आइसक्रीमच्या दुकानाचा मालक गठ्ठे हातात घेऊन पुन्हा पुन्हा उलटेपालटे करून बघत राहिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले, वरून बाबूनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'खाऊ नये'.

"दंतवैद्यांचे आहेत?" त्यानं विचारलं. "माझ्या दुकानामुळे त्यांचा दवाखाना चालला असं ते मला नेहमी सांगायचे. ठेवा. आंब्याच्या खाली जागा करतो."

परत येताना दादा आणि धाकटी दोघंच होते. बाबू दोऱ्यांपाशी थांबला होता. दादा हळू चालत होता. दिव्याच्या खांबाजवळ आल्यावर तो म्हणाला, "तुला वाटत असेल, गेल्या वर्षी मी वाईट बोललो होतो."

"बोललात खरं."

"हं." तो खांबाला टेकला. "ते घर घेताना मी तीन खोल्या घेतल्या. एकट्याला तीन खोल्या कशाला, असं सगळ्यांनी विचारलं. दिवसभर मी माणसांना झोपवतो गं. एकही माझ्याशी बोलत नाही. घरी येऊन दार उघडलं की... मला वाटलं, नाना त्यांचे खोके घेऊन येतील. एका खोलीत ते बसतील, एका खोलीत आई रेडिओ लावेल."

धाकटीला लग्नाला दहा वर्षं झाली होती. दादाच्या तोंडून एवढी वाक्यं सलग तिनं कधी ऐकली नव्हती. आतापर्यंत तिला वाटत आलं होतं, याला सगळं आपल्या ताब्यात हवं असतं. त्यात असं काही असेल हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"हे बाबूला सांगितलंत?"

"त्याला काय सांगू? मला करमत नाही म्हणून?"

"हेच सांगा. अगदी याच शब्दांत."

त्यानं सांगितलं की नाही, हे तिनं पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती. बाहेरून बराच वेळ नुसता पंख्यांचा आवाज येत राहिला, मग दोन पुरुषांचे हलके आवाज, मग ताईचं नाक ओढणं. चहा घेऊन ती गेली तेव्हा बाबू दादाला म्हणत होता, "मग तू ये की इथं. वरची खोली रिकामीच आहे. भिंत ओली आहे, पण तुला माहीतच आहे ते."

"तुझ्या घरात फुकट?" दादा म्हणाला.

बाबूनं एक क्षण त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग दोघंही असे हसले की ताईच्या हातातला टिपकागद खाली पडला.

सकाळी सगळेच दवाखान्यात जाणार होते, पण कागद उलटायला कोणीतरी घरी हवं होतं. धाकटी थांबली. खरं सांगायचं तर तिच्यात ती पट्टी सुटताना बघायचं धैर्य नव्हतं. ती एकेक रोखा उलटवत होती आणि दर वेळी टेबलावरच्या फोनकडे बघत होती. ठरलं होतं असं: दिसलं तर गाडीत दादा त्यांना सावकाश सगळं सांगेल, भिंतीचं, पाण्याचं. म्हणजे घरी आल्यावर धक्का बसायला नको.

फोन वाजला तो बाबूचा. तो बोलूच शकत नव्हता. मागून आईंचा आवाज आला, "अगं, मला म्हणाले, तुझे केस कधी पांढरे झाले? सांग आता! काय उत्तर देऊ या माणसाला?"

धाकटी फोन कानाला लावून जमिनीवर बसली. रडायचं नव्हतं, पण वरच्या दोरीवरच्या कागदांखाली बसून ती मनसोक्त रडली, कागदावर थेंब पडणार नाही एवढं मात्र सांभाळून.

गाडी दाराशी आली तेव्हा तिनं खिडकीतून पाहिलं. नाना काळा चष्मा लावून उतरले, कोणाचाही हात न धरता. दादा मागून हातवारे करत होता. ती समजली. सांगितलेलंच नव्हतं. नंतर कळलं, गाडीभर नाना रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचत होते. कोणाची मध्ये बोलायची छाती झाली नव्हती.

ती दार अडवायला धावली, पण नाना आत आले होते. त्यांनी चष्मा काढला.

खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून जिन्यापर्यंत रोखे लटकत होते. हिरवे, तांबूस, निळसर, कडेला सोनेरी. तलाव, कमानी, धूर सोडणारी यंत्रं, शहरांच्या मोहरा. पंख्यांच्या वाऱ्यानं सगळे मिळून हलके हलत होते. नाना उंबऱ्यावरच थांबले. त्यांचा तो एक डोळा भरून आला.

"सगळे एकदम?" ते म्हणाले. "माझ्यासाठी लावलेत?"

आईंनी सुनेकडे पाहिलं. बाबू पुढे सरकला, पण धाकटीनं त्याला हातानं थांबवलं.

"नाही, नाना," ती म्हणाली. "भिंतीतली नळी फुटली. सगळे भिजले. काल दुपारपासून आम्ही चौघं वाळवत होतो. धूरदिव्यांचे गेले. ते काही वाचले नाहीत. बाकीचे हे असे आहेत, काहींना सुरकुत्या पडल्यात, काहींचा शिक्का पसरलाय."

नाना जवळच्या दोरीपाशी गेले. एक रोखा बोटांनी चाचपला. कागद लहरी लहरींनी ताठरला होता. मग त्यांनी बोट काढून घेतलं आणि डोळा जवळ नेला. पसरलेल्या जांभळ्या डागाकडे पाहिलं.

"धूरदिव्यांचे सगळे?"

"सगळे."

त्यांनी मान हलवली. खुर्चीचा हात धरून थोडा वेळ उभे राहिले. ते रोखे त्यांनी एका विधवा बाईकडून आणले होते, नानांचा पहिला दवाखाना होता त्या गावी. आईंना ठाऊक होतं. आईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

मग ते म्हणाले, "आणि पूल? पुलांचे दिसत नाहीत."

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी दादा घसा खाकरून म्हणाला, "ते आइसक्रीमच्या दुकानात आहेत."

"कुठं?"

"आंब्याच्या खाली," बाबू म्हणाला. "गोठवलेत. एक बाई सोडवून देणार आहेत. वाचतील, नाना, खरंच वाचतील."

नानांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे. दोघं एका दोरीखाली, खांद्याला खांदा लावून उभे होते. कित्येक वर्षांत त्यांनी या दोघांचे चेहरे नीट पाहिले नव्हते. दोघंही पोक्त झाले होते, बाबूच्या कानाजवळ पांढरं दिसत होतं. कितीतरी वेळ ते तसेच बघत राहिले, आणि धाकटीला वाटलं, रोख्यांकडे पाहिलं त्याहून हे जास्त वेळ चाललंय.

"तुम्ही दोघं बोलताय एकमेकांशी," नाना म्हणाले.

"कालपासून," दादा म्हणाला.

"भिंत केव्हा दुरुस्त करणार?"

"बघतो," बाबू बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

"मी बघतो," दादा म्हणाला. "मी इथंच राहायला येतोय."

आई "अगं बाई" म्हणून खालीच बसल्या. ताईनं त्यांना पाणी दिलं. नाना मात्र पुन्हा दोरीकडे वळले होते, एका तलावाच्या चित्राशी नाक लावून.

"ए थोरल्या," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. या बांधावर खाली कोणीतरी बसलंय. बाई आहे का ही?"

दादा जाऊन शेजारी वाकला. "बाई आहे. कपडे धुतेय."

"मी हा रोखा चाळीस वर्षं बाळगतोय," नाना म्हणाले. "ही मला कधी दिसलीच नव्हती." आणि त्यांनी दादाच्या खांद्यावर हात टाकला, तो काढला नाही, दोघं तसेच वाकून पुढच्या कागदाकडे सरकले.